शरणपूरचा ताळेबंद

१८६०च्या दशकात झांझिबारच्या बंदरातून दरसाल साधारण २०,००० माणसे गुलाम म्हणून विकली जात. जकातीच्या वहीत हस्तिदंत आणि लवंगांबरोबर त्यांचीही नोंद होई, डोईमागे कर लागे. २०,०००ला ३६५ने भागले की रोजची ५५ माणसे होतात. सण नाही, सुट्टी नाही. आणि हा आकडा फक्त किनाऱ्याला पोचलेल्यांचा. आतल्या मुलखातून साखळीला बांधून चालवत आणताना जे वाटेत पडले, ते कुठल्याच वहीत नाहीत.

ही माणसे नेणारी काही गलबते ब्रिटिश आरमाराच्या गस्तीत सापडत. सुटलेल्या माणसांना जवळच्याच किनाऱ्यावर सोडावे तर तेच व्यापारी त्यांना पुन्हा धरणार, म्हणून त्यांना एडन, सेशेल्स, मॉरिशस किंवा मुंबईला उतरवीत. मुंबईत उतरलेल्यांत मुले बरीच असत. त्यांतली काही थळ घाट चढून नाशिकला येत. गावाबाहेर शरणपूर नावाची वस्ती होती. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस याने ती १८५४ साली वसवली होती. तिथे या आफ्रिकन मुलांसाठी आश्रम निघाला. त्या आश्रमात एका वेळी २०० मुले होती असे आपण हिशेबापुरते धरू. २०० म्हणजे झांझिबारचा पुरता चार दिवसांचा व्यापारसुद्धा नाही.

आज कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला ताटकळणाऱ्या माणसाला शरणपूर हे एका वर्दळीच्या रस्त्याचे नाव, एवढेच माहीत असते. नाशिक म्हटले की रामकुंड, काळाराम, त्र्यंबक आणि बारा वर्षांनी येणारी कुंभाची गर्दी. ख्रिस्ती नाशिक म्हटले तर नाशिकरोडची बाळयेशूची यात्रा, पण बाळयेशू कॅथलिकांचा. प्रॉटेस्टंट नाशिकची गर्दी कधी झालीच नाही, त्यामुळे ते कुणाच्या यादीत बसत नाही. डोकी मोजायला घेतली तर इथे हाती शून्याच्या आसपासचे काहीतरी लागते. पण तेच मोजमाप अंतराचे, वर्षांचे आणि शब्दांचे करायला घ्या, आकडे हाताबाहेर जातात. मला त्या दुसऱ्या आकड्यांबद्दल लिहायचे आहे.

आधी वर्षे. मार्टिन ल्यूथरने पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध आपली ९५ कलमे मांडली ती १५१७ साली. त्यातून फुटलेल्या पंथाचे पहिले मिशनरी भारतात आले १७०६ साली, तमिळ मुलखात तरंगंबाडीला. दोघे जर्मन तरुण, पाठवणारा डेन्मार्कचा राजा. मध्ये १८९ वर्षे गेली. मराठी मुलखात, मुंबईला, पहिले अमेरिकन मिशनरी उतरले १८१३ साली. ही आणखी १०७ वर्षे. तोवर गोव्या-वसईचे कॅथलिक जुने जाणते झाले होते. बरे, या नव्यांचे स्वागत म्हणावे तर कंपनी सरकारनेच गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना परत पाठवण्याचा हुकूम काढला होता. इंग्रज आले आणि त्यांनी मिशनरी आणले, असे आपण सरसकट बोलतो. निदान या दोघांच्या बाबतीत सरकार त्यांना बोटीत बसवायला टपले होते.

हॉल टिकला. तेरा वर्षे मुंबईत शाळा, छापखाना, रस्त्यावरचे प्रवचन, आणि त्या सगळ्यानंतर बाप्तिस्मे बोटांवर मोजावेत इतके. १८२६च्या मार्चमध्ये तो नाशिकला आला तेव्हा गावात पटकीने माणसे पटापट मरत होती. त्याने जवळची औषधे वाटून संपवली, पुस्तिका वाटून संपवल्या, आणि परत निघाला. वाटेत एका खेड्यात देवळाच्या आसऱ्याला रात्र काढली आणि तिथेच २० मार्चला पटकीनेच गेला. वय ४१. या पंथाचा नाशिकशी जुना संबंध सांगायचा तर तो हा.

१८३२ साली चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला ठाणे मांडले. तिथला सुरुवातीचा मिशनरी चार्ल्स फरार. त्याचा मुलगा फ्रेडरिक १८३१ साली मुंबईत जन्मला, पुढे इंग्लंडात वेस्टमिन्स्टर ॲबीचा कॅनन झाला आणि शेवटी कँटरबरीचा डीन. १८८२ साली चार्ल्स डार्विनला त्या ॲबीत पुरले, तेव्हा शवपेटीच्या दहा मानकऱ्यांत हा फरार होता. त्याच्या मुलीचा मुलगा बर्नार्ड माँटगोमेरी, म्हणजे एल अलामीनला रोमेलची पाठ लावणारा फील्ड मार्शल. नाशिकच्या मिशनऱ्याचा पणतू! यावर नाशिककरांनी मिशा पिळाव्यात असे काही नाही. पण ती ॲबी लक्षात ठेवा, कारण फरारच्या आठ वर्षे आधी नाशिकच्या आणखी एकाने तिथे एका शवपेटीला हात दिला होता, आणि त्याचा आजा-पणजा कोण होता हे त्यालाही ठाऊक नव्हते.

शरणपूर निघाले ते एका साध्या अडचणीतून. ख्रिस्ती झालेल्या माणसाला घर बंद, पंगत बंद, पाणवठा बंद. त्याने राहायचे कुठे आणि खायचे काय? प्राइसने वेगळे गावच वसवले. चर्च, शाळा, अनाथ मुलांची सोय, आणि सुतारकाम-लोहारकामासारखे हाताला धंदा देणारे शिक्षण. मुंबईला आफ्रिकन मुलांना सांभाळणारा आयझेनबर्ग नावाचा जर्मन मिशनरी होता. तो आधी इथिओपियात राहून आला होता आणि त्याने अम्हारिक भाषेचे व्याकरण लिहिले होते. त्याने सांभाळलेली ही मुले १८६०च्या सुमारास शरणपूरला आली.

इथे मुलांना नवी नावे मिळाली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार. पाळणाऱ्यांची आडनावे पोरांना लावून मोकळे. न्यासा सरोवराच्या बाजूचे याओ जमातीचे पोर, त्याला अरबाने धरले, इंग्रजाने सोडवले, मुंबईच्या पोलिसांनी मिशनकडे दिले, आणि नाशिकला तो फरार झाला. ल्यूथरच्या पंथाचा सारा भर माणसाने स्वतः वाचावे आणि स्वतः ठरवावे यावर. या मुलांचे मात्र ठरवले गलबताच्या नाखव्याने, आरमाराच्या कप्तानाने, पोलिसाने, पाद्र्याने. पोरांना कुणी विचारले नाही. मिशनच्या कौतुकात हा भाग राहून जातो, म्हणून इथे नोंदवला. वाचायला मात्र त्यांना मनापासून शिकवले, आणि त्याचे फळ पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणी दिसले.

१८६४च्या एप्रिलअखेर डेव्हिड लिव्हिंग्स्टन 'लेडी न्यासा' नावाची आपली छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून मुंबईला निघाला. बोट नदी-सरोवरासाठी बांधलेली. समोर २,५०० मैलांचा समुद्र, पावसाळा तोंडावर, कोळसा अवघा १४ टन, सुकाणूवर स्वतः डॉक्टर. ४५ दिवसांनी जूनमध्ये मुंबई दिसली. बोटीवर चुमा आणि वेकातानी ही सोडवलेली दोन मुले होती, त्यांना मुंबईत जॉन विल्सनच्या मिशनकडे ठेवले. बोटीला ६,००० पौंड पडले होते, ती विकली २,३०० पौंडांना. पैसे बँकेत टाकले, आणि कापसाच्या तेजीतली मुंबई कोसळली तेव्हा ती बँकही बुडाली. मुंबईच्या सट्टेबाजीत बुडालेल्या नामवंतांची यादी कुणी केली तर हे नाव वरच्या ओळीत घालावे.

१८६५ साली तो पुन्हा मुंबईला आला.  नाईलचा उगम शोधायला आणि गुलामांच्या व्यापाराच्या वाटा पाहायला त्याला माणसे हवी होती. गव्हर्नर बार्टल फ्रियर त्याच्या बाजूचा. शरणपूरहून त्याने नऊ तरुण घेतले. मार्च १८६६मध्ये तो आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला तेव्हाचा लवाजमा असा: १३ हिंदी शिपाई, १० जोहाना बेटावरचे लोक, ९ नाशिकचे, सुसी आणि अमोडा हे झांबेझी नदीवरचे दोघे, चुमा आणि वेकातानी, शिवाय ६ उंट, ३ म्हशी, एक रेडकू, २ खेचरे आणि ४ गाढवे. उंट-म्हशी न्यायचे कारण, त्से-त्से माशी चावूनही ही जनावरे तगतात का ते पाहायचे होते. तगली नाहीत.

माणसांची गळतीही तशीच. शिपाई परत पाठवावे लागले. जोहानाचे लोक पळाले आणि मालक मेला अशी आवई त्यांनी झांझिबारला उठवली. नाशिकच्यांपैकी रिचर्ड आयझेनबर्ग पहिल्याच वर्षी वाटेत वारला, काही सोडून गेले, आणि लिव्हिंग्स्टनने त्यांच्या आळसावर आपल्या रोजनिशीत भरपूर दात-ओठ खाल्ले आहेत. १८७०च्या जूनमध्ये त्याच्याबरोबर चालणारे तिघेच उरले: सुसी, चुमा आणि नाशिकचा एडवर्ड गार्डनर. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये उजिजीला स्टॅन्लीने त्याला गाठले, ती गोष्ट जगाला पाठ आहे. त्या प्रसिद्ध भेटीनंतर स्टॅन्लीने झांझिबारहून ५७ हमाल पाठवून दिले, त्यांत शरणपूरचे आणखी सहाजण होते. त्यांतला एक जेकब वेनराइट.

१८७३च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या सरदाराच्या गावात, लिव्हिंग्स्टन खाटेशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मेलेला आढळला. बरोबरच्या साठ-सत्तर माणसांवर आता कुणाचा हुकूम नव्हता. तिथेच खड्डा खणून, सामान वाटून घेऊन घरी जायला त्यांना कुणी अडवले नसते. त्यांनी ठरवले, प्रेत किनाऱ्याला न्यायचे आणि कागदपत्रेही न्यायची. काळीज आणि आतडी काढून एका पत्र्याच्या पेटीत घालून झाडाखाली पुरली. त्या वेळी इंग्रजी प्रार्थनापुस्तकातली अंत्यविधीची प्रार्थना वाचू शकेल असा माणूस कोण होता? जेकब. ती त्याने वाचली. मग झाडाच्या सालीवर नाव आणि तारीख कोरायचे कामही त्यालाच दिले, कारण अक्षर त्याचेच. कोरले त्यात डॉक्टरचे नाव आहे, आणखी तिघांची नावे आहेत, स्वतः कोरणाऱ्याचे नाव नाही. झाड पोखरू लागले म्हणून १८९९ साली तेवढा बुंधा कापून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेला.

प्रेतात मीठ भरले, तोंडावर ब्रँडी ओतली, १४ दिवस उन्हात वाळवले. झाडाच्या सालीची नळी करून त्यात घातले, वरून शिडाचे कापड शिवले, डांबर फासले आणि बांबूला बांधून चालायला लागले. किनाऱ्यावरचे बागामोयो हजार मैलांहून दूर, म्हणजे १,६०० किलोमीटरच्या पुढे. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला साधारण साडेचारशे किलोमीटर जाते, सुमारे २७ दिवसांत, गावोगावी जेवणावळी आणि मुक्काम ठरलेले. तशा साडेतीन वाऱ्या सलग धरा. पण इथे वाटेवरचे गाव प्रेताला हद्दीतून जाऊ देईना, अन्नाची खात्री नाही, आणि निघाल्यावर थोड्याच दिवसांत सगळा तांडा आजारी पडला. पुढे उन्यान्येंबेला लिव्हिंग्स्टनला शोधायला निघालेला कॅमेरून नावाचा गोरा लेफ्टनंट त्यांना भेटला. तो म्हणाला, इथेच पुरून टाका. त्यांनी ऐकले नाही. गोऱ्या साहेबाचा सल्ला बाजूला सारून आपले तेच करणारे साठ-सत्तर हमाल, हे दृश्य त्या काळच्या चित्रांत फारसे सापडत नाही.

पुढच्या मुक्कामाला त्यांनी केलेली युक्ती तर नाटकात घालावी अशी आहे. प्रेत मागे पाठवतो असे लोकांना सांगितले. ज्वारीची ताटे गुंडाळून प्रेतासारखे एक गाठोडे बनवले आणि सहा माणसांनी ते समारंभाने उलट्या वाटेला नेले. पुढे जंगलात ताटे एकेक करून फेकून, रात्री लपतछपत परत येऊन मिळाले. खरे प्रेत तोवर कापडाच्या गाठीसारखे बांधून विक्रीच्या मालात मिसळले होते. १८७४च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोचले. नऊ महिने. तिथे ब्रिटिश वकिलातीने पगार चुकते केले आणि माणसांना वाटेला लावले.

चर्च मिशनरी सोसायटीने एकाचे तिकीट काढले, ते जेकबचे. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले ते सगळे आटोपल्यावर. १५ एप्रिलला बोट साउदॅम्प्टनला लागली. शव लिव्हिंग्स्टनचेच आहे याची खात्री तीस वर्षांपूर्वी सिंहाने चावून मोडलेल्या दंडाच्या हाडावरून पटवली. १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या आठ मानकऱ्यांत एका बाजूला स्टॅन्ली, आणि त्याच रांगेत शरणपूरच्या शाळेचा जेकब वेनराइट. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पुढे त्या हमालांसाठी ६० पदके पाडली. पदके आफ्रिकेत पोचेपर्यंत माणसे पांगली होती, बहुतेकांच्या हाती ती लागलीच नाहीत. जेकब पुन्हा आफ्रिकेला गेला, मिशनांची आणि प्रवाशांची कामे करत राहिला, आणि १८९२ साली आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला. त्या प्रवासाची त्याने इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी स्कॉटलंडला ब्लँटायरच्या लिव्हिंग्स्टन संग्रहालयात आहे. त्या यात्रेतला शरणपूरचा मॅथ्यू वेलिंग्टन सगळ्यांत टिकला. तो मोंबासाला १९३५ साली गेला. तोवर आकाशात विमाने उडायला लागली होती.

शरणपूरचे मोठे काम मात्र या प्रेतयात्रेच्या सावलीत राहिले आहे. मोंबासाजवळ राबाईला चर्च मिशनरी सोसायटीचे जर्मन मिशनरी १८४०च्या दशकापासून होते. त्यांतला रेबमान किलिमांजारोचे बर्फ पाहणारा पहिला युरोपियन. तो एकदाही मायदेशी न जाता २९ वर्षे तिथे राहिला, आंधळा झाला, आणि त्याच्याजवळ ख्रिस्ती झालेली माणसे मूठभर. १८६४ साली त्याच्या मदतीला नाशिकहून जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इशमाएल सेमलर हे आफ्रिकन तरुण गेले. १८७३च्या ५ जूनला झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. त्यासाठी बोलणी करायला गेला होता तोच बार्टल फ्रियर, मुंबईचा माजी गव्हर्नर. सोडवलेल्यांसाठी आफ्रिकेतच शरणपूरसारखे गाव हवे, असे ठरले. मग शरणपूर वसवणाऱ्या प्राइसलाच तिकडे धाडले आणि १८७५ साली मोंबासासमोर नवे गाव उभे राहिले. नाव फ्रियर टाउन. नाशिकचा आराखडा, नाशिकचा माणूस, आणि शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे म्हणून नाशिकहून गेलेली आफ्रिकन कुटुंबे. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणू लागले. नाशिकचे नाव इथे पहिल्यांदा गळाले.

१८८५च्या ३१ मेला बिशप हॅनिंग्टनने सेमलर आणि जोन्स यांना दीक्षा दिली. आजच्या केनियात आफ्रिकन माणसांना मिळालेली ही पहिलीच दीक्षा, आणि दोघेही शरणपूरचे. त्याच जुलैत हॅनिंग्टन सुमारे २०० माणसे घेऊन युगांडाकडे निघाला, जोन्स बरोबर. शेवटच्या टप्प्यावर बिशप ५० जणांना घेऊन पुढे गेला आणि जोन्सला बाकीच्यांसह मागे थांबवले. २९ ऑक्टोबरला बिशप मारला गेला. पन्नासांतले चौघे वाचले. उरलेला दीडशे माणसांचा तांडा दुष्काळी मुलखातून चालवत जोन्सने पुढच्या फेब्रुवारीत राबाईला परत आणला. पुढे निशाण होते, त्यावर पांढऱ्या अक्षरांत हिब्रू शास्त्रातला एकच शब्द, 'इखाबोद', अर्थ वैभव गेले.

आणखी एक हिशेब. राबाईला मालकांकडून पळून आलेले गुलाम जमत गेले. मालक परत मागू लागले, लढाईची वेळ आली. साठी ओलांडलेला प्राइस पुन्हा आफ्रिकेत हजर झाला. शेवटी ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या मॅकेंझीने तोडगा काढला: डोईमागे २५ डॉलर. १ जानेवारी १८८९ला राबाईला सुमारे १,४०० जणांना मुक्तीचे कागद वाटले. १,४०० गुणिले २५ म्हणजे ३५,००० चांदीचे डॉलर. झांझिबारच्या जुन्या दराने ही १,४०० माणसे म्हणजे पंचवीस-सव्वीस दिवसांचा माल.

२०१९च्या जनगणनेत केनियाची लोकसंख्या ४ कोटी ७५ लाखांवर भरली आणि त्यांतले ३३.४ टक्के स्वतःला प्रॉटेस्टंट म्हणवतात, म्हणजे १ कोटी ५८ लाखांच्या आसपास. हे सगळे नाशिकचे पुण्य, असे म्हणणारा माणूस खोटे बोलतो. त्यात स्कॉटिश आले, अमेरिकन आले, रेल्वे आली, गोऱ्यांची वसाहत आली, आणि सगळ्यांत जास्त खपले ते तिथलेच लोक. पण त्या आकड्याच्या पायथ्याशी जी पहिली शे-दीडशे नावे लागतात त्यांत शरणपूरची नावे दाटीने आहेत.

आता आपल्या बाजूचा रकाना. २०११ला महाराष्ट्रात ११,२३,७४,३३३ माणसे आणि त्यांत ख्रिस्ती १०,८०,०७३, टक्केवारी ०.९६. यात वसईचे आणि मुंबईचे कॅथलिक धरलेले आहेत. प्रॉटेस्टंट किती ते वेगळे दिसत नाही, आपल्या जनगणनेचा प्रसिद्ध तक्ता 'ख्रिस्ती' एवढ्यावर थांबतो. १८१३ पासून २०११ पर्यंत १९८ वर्षे आणि मिशनांचे दोन खंडांतले पैसे, आणि पावती शंभरात एकाहून कमी. धर्मप्रसार म्हणून हा धंदा आतबट्ट्याचा ठरला, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे. धर्मांतराच्या नावाने दोन्ही बाजूंनी जो धुरळा उडतो त्यात हा आकडा कुणालाच सोयीचा नसतो.

पण मराठी पान उघडा. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीने नागपूरकडच्या वैजनाथ शास्त्र्यांच्या मदतीने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले, १८११ला अख्खा नवा करार. वाचायला माणसे हवीत म्हणून शाळा, शाळेला पुस्तके हवीत म्हणून छापखाना, छापखान्याला खिळे हवेत म्हणून ओतशाळा. एकातून दुसरे निघत गेले. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहमच्या हाताखाली जावजी दादाजी नावाचा दहा वर्षांचा पोरगा महिना २ रुपयांवर खिळे घासायला लागला. त्यानेच १८६९ साली निर्णयसागर काढला आणि पुढे पंचांगापासून काव्यमालेपर्यंत सगळे वैदिक-संस्कृत भांडार ज्या देखण्या टायपात छापले गेले तो टाइप घडवला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८३१च्या आवृत्तीत ४०,००० शब्द होते, १८५७च्या आवृत्तीत ६०,०००. लष्करातला हा माणूस पंथाने इतका कडवा की सैन्याची नोकरीच त्याने सोडली, पण कोशात गावठी शिव्या आणि शेतकऱ्याच्या अवजारांची नावे हातचे राखून ठेवली नाहीत. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला निघाले. पंडिता रमाबाईंनी एकटीने हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबल हा मजकूर वेगळ्या लेखाचा आहे.

चर्चच्या कारभाराचे म्हणाल तर नाशिकचा बिशप वेगळा झाला १९२९ साली, मुंबईचा धर्मप्रांत फोडून. पहिला बिशप फिलिप लॉइड. १९७०ला नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्यात हा धर्मप्रांत गेला.

आणि त्याच मराठी पानावर लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूरचा, गोखल्यांच्या घरातला. अकराव्या वर्षी लग्न. नवरा नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत ख्रिस्ती झाला आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई माहेरी-बहिणीकडे पाच वर्षे वेगळी राहिली. १९०० साली तिने स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. शरणपूरच्या मुलांना न मिळालेली निवड तिला मिळाली, आणि तिने ती पाच वर्षे घोळवली, घाई केली नाही. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायचे ठरवून १९०९ साली 'ख्रिस्तायन' सुरू केले. भजने शेकड्यांनी लिहिणारा हा कवी १९१९ला वारला तेव्हा ११ अध्याय झाले होते. पुढचे ६०हून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून झालेली. मधल्या वेळात त्या मुलाला 'स्मृतिचित्रे' सांगत होत्या. त्याचे भाग १९३४ पासून येऊ लागले; चौथा १९३६ला आला, त्या नाशिकमध्ये वारल्या त्याच वर्षी.